आजीचे वय आणि पाव गोळीचा हिशेब

‘रक्त पातळ करण्याची गोळी’ असे आपण सर्रास म्हणतो. पेशंट म्हणतात, केमिस्ट म्हणतो, आणि घाईत असलो की आम्ही डॉक्टरही म्हणतो. प्रत्यक्षात ही गोळी रक्त पातळ करीत नाही. दुधात पाणी घालावे तसे काही तिच्यामुळे होत नाही. रक्त गोठायचे तर यकृतात काही प्रथिने तयार व्हावी लागतात आणि त्यांतल्या चारांना ‘के’ जीवनसत्त्वाची मदत लागते. ही मदत गोळी अडवून धरते. रक्त होते तेवढेच दाट राहते; त्याची गुठळी व्हायला मात्र वेळ लागतो. ज्याच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, ज्याची झडप संधिवाताच्या तापाने खराब झाली आहे किंवा जिथे धातूची झडप बसवली आहे, त्याच्या हृदयात नको ती गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ नये, यासाठी हा सारा खटाटोप.

पण या गोळीची वाट फार अरुंद आहे. थोडी कमी पडली तर गुठळी होऊन अर्धांगवायू, थोडी जास्त झाली तर हिरड्यांतून, लघवीतून, आतड्यांतून आणि क्वचित मेंदूतही रक्तस्राव. ताप उतरवणारी गोळी अर्धी कमी-जास्त झाली तर फारसे बिघडत नाही. इथे पाव गोळीचाही हिशेब ठेवावा लागतो.

मी शहाद्यात गेली तीसेक वर्षे व्यवसाय करतो. सुरुवात केली तेव्हा आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. १ जुलै १९९८ रोजी, म्हणजे नेमका डॉक्टर दिनी, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार दर दहा माणसांत जवळजवळ सात आदिवासी आहेत. खाली तापीकाठचा ऊस, केळी, कापूस आणि मिरचीचा सपाट मुलूख, वर सातपुड्यातले अक्राणी आणि अक्कलकुवा. माझ्याकडे दोन्हीकडची माणसे येतात. त्यामुळे एकाच गोळीची दोन अगदी वेगळी रूपे एकाच सकाळी बघायला मिळतात.

उदाहरण सांगतो. सपाटीवरचे एक ट्रकचालक माझ्याकडे येतात. वय बेचाळीस, वजन अठ्ठ्याहत्तर किलो, हृदयात महाधमनीची धातूची झडप. त्यांना रोज असेनोकूमारॉल या औषधाचे ५ मिलिग्रॅम लागतात. धडगावच्या वरच्या एका पाड्यावरची आजीही माझ्याकडे येते. वजन अडतीस किलो, हृदयाचे ठोके अनियमित, झडपा मात्र चांगल्या. तिला तेच औषध रोज १ मिलिग्रॅम पुरते. मागच्या खेपेस दोघांचा ‘आयएनआर’ आला २.४. गोठण्याचा वेळ मोजणारे हे जागतिक माप निरोगी माणसात १च्या आसपास असते आणि या दोघांत ते २ ते ३ या दरम्यान ठेवायचे असते. म्हणजे दोघांचा रिपोर्ट सारखा आणि गोळीत पाचपट फरक. बरोबर डोस कोणाचा? दोघांचाही. या औषधाला ‘योग्य डोस’ असा नसतोच. असतो तो योग्य आकडा, आणि तो गाठण्यासाठी ज्याला जितकी लागेल तितकी गोळी.

या कुळातल्या औषधांचा इतिहासही मासलेवाईक आहे. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेले स्वीट क्लोव्हर नावाचे गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेले वासरू आणि न गोठलेल्या रक्ताची किटली घेऊन विद्यापीठात कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाकडे गेला. लिंक यांच्या चमूने त्या गवतातले द्रव्य शोधून काढले. त्याच शोधातून पुढे वॉरफरिन निघाले आणि १९४८ मध्ये ते बाजारात आले ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून! माणसांसाठी त्याला १९५४ मध्ये मान्यता मिळाली आणि १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर ते दिले गेले. असेनोकूमारॉल हे वॉरफरिनचेच भावंड. आपल्याकडे दोन्ही चालतात.

आयझेनहॉवर त्या वेळी चौसष्ट वर्षांचे होते. धट्टेकट्टे, लष्करात आयुष्य घालवलेले, उत्तम खाणेपिणे असलेले गृहस्थ. पुढची कित्येक वर्षे या औषधाची सुरुवात ‘रोज ५ मिलिग्रॅम वॉरफरिन’ अशी सरसकट केली जाई, तेव्हा डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर साधारण असाच मध्यमवयीन, भरल्या अंगाचा पुरुष असावा. पाड्यावरची अडतीस किलोची आजी त्या चित्रात कुठेच नव्हती.

हे चित्र किती फसवे होते, ते २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. डेव्हिड गार्सिया, एलेन हायलेक आणि सहकाऱ्यांनी वॉरफरिन घेणाऱ्या बारा हजारांवर रुग्णांचे डोस तपासले. वय एका वर्षाने वाढले की आठवड्याची गरज सरासरी ०.४ मिलिग्रॅमने घटते, असे त्यांना आढळले. म्हणजे पन्नाशीतल्या आणि ऐंशीतल्या माणसांत आठवड्याला १२ मिलिग्रॅमचा फरक. त्याशिवाय स्त्रियांना पुरुषांपेक्षा आठवड्याला ४.५ मिलिग्रॅम कमी लागतात. सत्तरी ओलांडलेल्यांना रोज ५ मिलिग्रॅम सुरू केले, तर ते शंभरांतल्या ८२ बायकांना आणि ६५ पुरुषांना जास्त होतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. आणि हे अमेरिकेतल्या बायकांबद्दल, जिथे अडतीस किलोची आजी शोधूनच सापडेल.

वयाने गरज का घटते? यकृत आकाराने लहान होते, त्यातून वाहणारे रक्त कमी होते, आणि गोळीचा निचरा मंदावतो. म्हातारपणी खाणे कमी होते, त्यामुळे ‘के’ जीवनसत्त्वही कमी मिळते. गोळी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरते. कुपोषणात अल्ब्युमिन घटते आणि औषधाचा परिणाम चढतो. भरीला इतर दहा आजारांची दहा औषधे असतातच.

आणि बाईला कमी का लागते? इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. २००९ मध्ये चार खंडांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून वॉरफरिनच्या डोसाचे एक सूत्र मांडण्यात आले. त्यात वय आहे, उंची आहे, वजन आहे, दोन जनुकांची तपासणी आहे; पण स्त्री की पुरुष हा रकानाच नाही. उंची आणि वजन धरले की बाईपणाचा बराचसा फरक त्यातच मिटतो. मला हे फार बोलके वाटते. आपण ‘बाईला कमी लागते’ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा म्हणायचे असते ते ‘लहान चणीच्या, कमी जेवणाऱ्या माणसाला कमी लागते’. सातपुड्यात ही दोन्ही वर्णने एकाच व्यक्तीला लागू पडतात, आणि ती बहुधा म्हातारी बाईच असते.

वर सांगितलेली आजी माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा हे सारे तिच्या अंगावर लिहिलेले होते. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयातून ती पंधरा दिवसांपूर्वी घरी आली होती. कागदावर असेनोकूमारॉल ४ मिलिग्रॅम रोज, आणि खाली ‘एका महिन्याने दाखवणे’. हिरड्यांतून रक्त येत होते, दंडावर काळेनिळे डाग. आयएनआर निघाला आठाच्या वर. गोळी थांबवली, ‘के’ जीवनसत्त्वाचा छोटा डोस दिला, दोन दिवस ठेवून घेतले. ती बचावली. मुलगा हबकून गेला होता. सपाटीवर राहून तो अहिराणी शिकला होता. तो विचारत होता, ‘‘डाक्टरसाहेब, मायनं रंगत पानी व्हयी गयं का?’’ म्हणजे, आईचे रक्त पाणी झाले का? त्याला मी समजावले की रक्त ठीक आहे, गोळी तिच्या मापाची नव्हती. दुसऱ्याचा सदरा घातला तर ढगळ होतो इतकेच. दुसऱ्याची गोळी घेतली तर जीव जातो.

मग नवा कागद करायला घेतला आणि पहिलाच प्रश्न आला : आजीचे वय किती?

आधार कार्डावर जन्मतारीख होती १ जानेवारी, आणि हिशेबाने वय येत होते सहासष्ट. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांत निम्मी जणू १ जानेवारीलाच जन्मलेली असतात. वर्ष ठाऊक नसले की ती तारीख टाकली जाते. मी वेगळ्या वाटेने विचारले. ‘‘आजी, मोठा दुष्काळ पडला तेव्हा तुला मुलं होती का?’’ आजीने दोन बोटे वर केली. १९७२च्या दुष्काळात दोन लेकरांची आई, म्हणजे आज पंच्याहत्तरीच्या घरात. कार्डापेक्षा नऊ वर्षांनी मोठी.

नऊ वर्षांनी काय बिघडते, असे वाचकांना वाटेल. आजीला जुन्या गोळीऐवजी नव्यांपैकी एखादी द्यावी का, असा विचार माझ्या मनात होता. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत डॅबिगॅट्रान, रिव्हॅरॉक्सॅबान, अपिक्सॅबान अशी औषधे आली आहेत. त्यांना वारंवार आयएनआर लागत नाही, हा डोंगरातल्या माणसाला केवढा तरी दिलासा. पण ती कमी-अधिक प्रमाणात मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. डॅबिगॅट्रान तर बहुतांशी. म्हणून आधी मूत्रपिंडाचे काम मोजायचे. त्याचे सूत्र १९७६ मध्ये कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी दिले. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागा. बाई असेल तर उत्तराला ०.८५ने गुणा. वय, वजन आणि बाईपण, तिन्ही एका ओळीत!

आजीचे क्रिएटिनिन १.० होते. रिपोर्टवर समोर ‘नॉर्मल’ छापलेले. पंच्याहत्तरीच्या, सत्तर किलोच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.० असेल तर सूत्राचे उत्तर येते ६३. आजीचे वय सहासष्ट धरले तर येते ३३. पंच्याहत्तर धरले तर २९. ‘नॉर्मल’ छापलेल्या एकाच आकड्याआड एकाची मूत्रपिंडे दुसऱ्याच्या दुप्पट काम करीत असतात. आणि ज्या मोठ्या चाचणीवर डॅबिगॅट्रान उभे आहे, तिच्यात ३०च्या खालच्या रुग्णांना घेतलेच नव्हते. म्हणजे आधार कार्ड खरे मानले तर आजी रेषेच्या अलीकडे, दुष्काळ खरा मानला तर पलीकडे. अपिक्सॅबानचेही असेच. वय ऐंशी किंवा जास्त, वजन साठ किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिनांपैकी दोन गोष्टी असल्या तर डोस निम्मा करायचा. आमच्या डोंगरातल्या जवळजवळ प्रत्येक आजीच्या बाबतीत वजनाची अट आधीच पुरी झालेली असते. उरते वय, आणि तेच कोणाला ठाऊक नसते.

आणखी एक सांगून ठेवतो. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र ज्या २४९ रुग्णांवरून काढले, ते कॅनडातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले होते आणि जवळजवळ सगळे पुरुष होते. बायकांसाठीचा तो ०.८५ बायकांना मोजून आलेला नाही. स्नायू कमी असतात म्हणून केलेली ती वजावट आहे. सूत्र टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही, मी ते रोज वापरतो. पण ज्याच्या अंगावर मोजमाप घेतले तो कोण होता, हे माहीत असलेले बरे.

आजीला शेवटी जुनीच गोळी ठेवली, १ मिलिग्रॅम, आणि सुरुवातीला दर आठवड्याला तपासणी.

इथे काही वाचक म्हणतील, एवढा धोका असेल तर म्हातारीला गोळी द्यायचीच कशाला? हा प्रश्न केवळ घरचेच विचारत नाहीत; कित्येक डॉक्टरही पंच्याहत्तरीच्या पुढे ‘ॲस्पिरिन पुरे’ म्हणून मोकळे होत असत. ही दुसऱ्या टोकाची चूक. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या एका चाचणीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ९७३ रुग्णांपैकी काहींना वॉरफरिन, काहींना ॲस्पिरिन दिले. अर्धांगवायू आणि तत्सम मोठी संकटे ॲस्पिरिनवाल्यांत वर्षाला ३.८ टक्के, वॉरफरिनवाल्यांत १.८ टक्के, आणि मोठा रक्तस्राव वॉरफरिनने वाढला, असेही दिसले नाही. म्हणजे म्हातारपण हे गोळी न देण्याचे कारण नाही. ते गोळी कमी देण्याचे आणि रक्त जास्त वेळा तपासण्याचे कारण आहे.

म्हाताऱ्यांइतक्याच मला काळजी वाटते त्या तरुण बायकांची. संधिवाताच्या तापाने झडप बिघडण्याचा आजार श्रीमंत देशांतून जवळपास गेला, आपल्याकडे आहे. या आजारातल्या अनियमित ठोक्यांसाठी नवी रिव्हॅरॉक्सॅबान चांगली की जुनी गोळी, याची भारतासह चोवीस देशांतली चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या रुग्णांचे सरासरी वय होते पन्नास आणि शंभरांत बहात्तर बायका होत्या. जुनी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. धातूच्या झडपांतही नव्या गोळ्यांच्या चाचण्या अर्ध्यावर थांबवाव्या लागल्या. तेव्हा या बायकांना पाव गोळीच्या हिशेबातून सुटका नाही.

त्यांचा हिशेब वेगळाच असतो. मासिक पाळीत रक्त जास्त जाते. आधीच अंगात रक्त कमी, त्यात सिकलसेलचा पट्टा. पाळी लांबली की बाई लाजेने सांगत नाही, गुपचूप गोळी बंद करते. आणि दिवस राहिले तर? गर्भाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात या औषधांनी बाळात व्यंग येऊ शकते. रोज ५ मिलिग्रॅम वॉरफरिनच्या आत जिचे भागते, तिच्या बाळाला धोका तुलनेने कमी. जास्त लागत असेल तर त्या काळात हेपॅरिनच्या इंजेक्शनांचा विचार करावा लागतो. पण हे ठरवायचे ते दिवस राहण्याआधी. आमच्याकडे बाई दाखवायला येते तेव्हा तिसरा-चौथा महिना लागलेला असतो. झडप बदललेल्या प्रत्येक तरुण मुलीला आणि तिच्या नवऱ्याला हे घरी सोडतानाच सांगायला हवे.

वय आणि लिंग यांच्या जोडीला आमच्याकडे तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे ऋतू. पहिल्या पावसानंतर डोंगरात तरोटा, कुर्डू, शेवग्याचा पाला ताटात येतो. हिरव्या पाल्यात ‘के’ जीवनसत्त्व भरपूर, त्यामुळे गोळी कमी पडू लागते. उन्हाळ्यात भाकरी आणि मिरचीवर दिवस निघतात, तेव्हा तीच गोळी चढते. पालेभाजी बंद करा, असे मी कधीच सांगत नाही. गरिबाच्या ताटातले तेवढेच तर जीवनसत्त्व. शक्य तितके सारख्या प्रमाणात खा आणि ऋतू बदलला की रक्त तपासा, एवढेच सांगतो. क्षयाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन या गोळीचा निचरा इतका वाढवते की डोस दुपटीच्याही पुढे न्यावा लागतो. पण सहा महिन्यांनी क्षयाचे औषध संपते, रक्ताची गोळी कमी करायला कोणी सांगत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत रक्तस्राव सुरू होतो. अंगदुखीवर मिळणाऱ्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणि मोहाची दारू यांबद्दल वेगळे सांगायला नको. दिवाळीनंतर निम्मे पाडे ऊसतोडीला गुजरातेत जातात ते होळीला परततात. तितके महिने गोळी चालू, तपासणी बंद.

मग करायचे काय? काही गोष्टी घरीच जमण्याजोग्या आहेत. ‘अर्धी गोळी’ असे लक्षात ठेवू नका, किती मिलिग्रॅम ते लक्षात ठेवा. दुकानातून वेगळ्या ताकदीची गोळी आली तर अर्धीचा अर्थ बदलतो. असेनोकूमारॉल आणि वॉरफरिन यांची अदलाबदल परस्पर करू नका. पहिल्याचे मिलिग्रॅम दुसऱ्याच्या साधारण निम्मे लागतात. डोस स्वतः बदलू नका, पण नवे कुठलेही औषध सुरू किंवा बंद झाले तर आठवड्याच्या आत रक्त तपासा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे वय कार्डावरून न सांगता नीट विचारून सांगा आणि वजन प्रत्यक्ष काट्यावर करा.

उरलेले काम व्यवस्थेचे आहे, आणि ते वाटते तितके अवघड नाही. आयएनआरसाठी निळ्या झाकणाच्या नळीत खुणेपर्यंत भरून घेतलेले रक्त साध्या तापमानाला चोवीस तास तपासण्याजोगे राहते. म्हणजे मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावाहून आजीने होडी, जीप आणि एसटी असा प्रवास करून खाली उतरण्याची गरज नाही. नळी उतरली तरी पुरे. पाड्याजवळच्या आरोग्य केंद्रात रक्त घ्यावे, नळी सकाळच्या गाडीने खाली यावी, संध्याकाळी आकडा फोनवर जावा आणि या आठवड्यात किती मिलिग्रॅम, ते आशाताईने घरी जाऊन सांगावे. बोटातल्या थेंबावर आकडा सांगणारे छोटे यंत्रही आहे. अंगात रक्त फारच कमी असेल तेव्हा मात्र त्याच्यावर विसंबता येत नाही, म्हणून आमच्याकडे नळीच बरी. नंदुरबारला २०२० पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यात ही गोळी घेणाऱ्यांची एक वही, त्यात खरे वय, खरे वजन आणि दर महिन्याचा आकडा, एवढे काम तिथल्या विद्यार्थ्यांना सहज जमेल.

सूत्रे जगभरात आणखी निघतील, गोळ्याही नव्या येतील. पण सूत्रात घालायचे आकडे आपल्यालाच गोळा करावे लागणार आहेत. आजीला तिचे वय विचारायला कोणी विस्कॉन्सिनहून येणार नाही.